दोन हिरवे चौकोन

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. पेनाने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं, तसला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझं अंग लखलखीत होतं. आता कोपऱ्यांना पोपडे आलेत आणि आधीचं पुसलेलं फिकट दिसत राहतं. मान वर करून सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही. तरी सांगतो.

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या एका रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर तिघांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. यल्मारी मालक, वेन्ला आणि इल्पो त्याचे जोडीदार. इमारतीच्या तळघरात सगळ्यांचं मिळून एक सौना, म्हणजे गरम वाफ घ्यायची खोली, होतं आणि प्रत्येक घराची आठवड्याची पाळी ठरलेली असे. त्या पाळ्या सांभाळायचं ॲप हे तिघं बनवत होते. फोनवरचा भाग वेन्लाकडे, सौनाच्या दाराशी लावायच्या स्क्रीनचा भाग इल्पोकडे.

"स्क्रीन आखायचं एखादं नीट सॉफ्टवेअर घेऊ या ना," वेन्ला म्हणायची. "म्हणजे तिघांना एकच चित्र दिसेल."

"अगं, आपण तीन टाळकी!" यल्मारी हसायचा. "चित्रंच रंगवत बसलो तर काम कोण करणार, तुझा काका? हा फळा काय मेलाय?"

पाहुणे आले की तो माझ्यावर थाप मारायचा. "हे आमचं डिझाइन खातं! पगार मागत नाही, सुट्टी मागत नाही." आणि मी मूर्खासारखा फुगायचो. मी फुकट होतो म्हणून माझं कौतुक चाललं होतं, हे मला तेव्हा कळलंच नाही.

एके दिवशी यल्मारीने माझ्यावर दोन बटणं काढली. वरचं 'पाळी ठेवा', खालचं 'पाळी सोडा'. खालचं लाल हवं होतं, पण लाल पेन वाळलेलं. त्याने दोन्ही चौकोन हिरवेच काढले आणि म्हणाला, "खालचं लाल समज." हे वेन्लाने ऐकलं. इल्पो तेव्हा कॉफी करायला गेला होता. मग कुणाच्या तरी लोकरी बाहीने चौकोनांतली अक्षरं पुसली गेली.

इल्पोने परत येऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. विचारलं मात्र नाही. आमच्याकडे दुसऱ्याला उगाच त्रास द्यायचा नाही अशी रीत आहे. वेन्ला आणि इल्पो दोघंही गप्प बसले आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला सगळं ठाऊक आहे. इल्पोने अंदाजाने बटणं केली. दोन्ही हिरवी, आणि नेमकी उलटी: वर 'पाळी सोडा', खाली 'पाळी ठेवा'. त्यांवर अक्षरं होती म्हणा, पण सौनाला जाताना चष्मा कोण लावतं?

चौथ्या मजल्यावर हिल्काआजी राहायची. नवरा गेल्यापासून शुक्रवारची सौनाची पाळी हेच तिचं सुख होतं. रहिवाशांच्या बैठकीत वेन्लाने फोन दाखवत शिकवलं होतं, "आजी, वरचं हिरवं दाबलं की पाळी तुमचीच." त्या शुक्रवारी सौनातून निघताना आजीने पुढच्या पाळीसाठी दारापाशी स्क्रीनवरचं वरचं हिरवं दाबलं.

पुढच्या शुक्रवारी ती अंगरखा घालून, टॉवेल घेऊन खाली उतरली आणि दार उघडलं. आत तिची सुटलेली पाळी मिळालेले नवे भाडेकरू, बाप आणि त्याचे दोन थोराड मुलगे, उघडेच बाकावर बसलेले. कोणी ओरडलं नाही. आजी "माफ करा" म्हणाली आणि जिने चढून परत गेली.

सोमवारी ती आमच्या दारात उभी राहिली.

"बाळांनो, माझीच चूक झाली. मला नाही जमत ती यंत्रं," ती म्हणाली. "माझा शुक्रवार त्या लोकांनाच देऊन टाका."

"नाही आजी, आम्हीच..." इल्पो पुटपुटला. तिघांच्याही नजरा माझ्याकडे वळल्या. माझ्यावर ते दोन हिरवे चौकोन अजून होते. भिंतीने मला गिळावं असं वाटलं.

त्याच आठवड्यात यल्मारीने मुकाट्याने सॉफ्टवेअर घेतलं. आता रंग ठरलेले असतात आणि बाहीने काही पुसलं जात नाही. वेन्लाचं म्हणणं खरं होतं. तीन माणसांनाही एकच चित्र लागतं. मी इतके दिवस तिच्या आड येऊन लटकत होतो. नवी स्क्रीन कोणालाही देण्याआधी वेन्ला ती आजीकडे घेऊन गेली.

"छान झालंय गं," आजी म्हणाली. "पण मी आता घरीच अंघोळ करते."

तिची पाळी त्यांनी तिच्याच नावावर ठेवली आहे. शुक्रवारी सौना तापतं आणि तास संपेपर्यंत रिकामं राहतं.

मित्रांनो, अर्धवट पुसलेलं दिसलं तर विचारा. विचारल्याने कुणाची झोप मोडत नाही. आणि तुमच्या चुकीची माफी मागायला कुणी दारात आलंच, तर भिंतीवरच्या फळ्याकडे बघत बसू नका. उठून तिला आत बोलवा.