खाटकाचं मूळ नाव

सासरेबुवांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एका खाटीक पक्ष्याचं चित्र टांगलेलं होतं, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते बघावंच लागे. खाली पितळी पट्टीवर त्याचं शास्त्रीय नाव कोरलेलं. त्यातला शेवटचा शब्द म्हणजे सासरेबुवांचंच आडनाव, लॅटिन शेपटीसकट. खाटकाची ही डोंगराळ भागातली उपजात त्यांनी शोधली आणि त्यांच्या एका प्राध्यापक मित्राने तिला त्यांचं नाव दिलं. रस्त्याला नाव मिळायचं तर माणसाला आधी मरावं लागतं; सासरेबुवांना जिवंतपणीच पक्षी मिळाला होता.

जावई संग्रहालयात पक्ष्यांच्या नावांची सूची करण्याच्या कामावर होता. तिथला दंडक असा की प्रत्येक नाव पहिल्यांदा जिथे छापलं गेलं ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. आधीच्यांनी लिहिलेलं उतरवून काढायचं नाही. आणि वर्णनासकट जे नाव आधी छापलं गेलं तेच खरं, मग ते कुठेही छापलेलं असो.

सासरेबुवांची नव्वदी जवळ आली होती. त्यांच्या नावाची साद्यंत कुळकथा छान बांधून भेट द्यावी, असं जावयाच्या मनात आलं. प्राध्यापकांच्या निबंधात एक बारीक तळटीप होती: शोधकाने या पक्ष्याविषयी पूर्वी वर्तमानपत्रातही लिहिलं आहे. पुढच्या सगळ्या विद्वानांनी ती टीप इमानेइतबारे उतरवली होती. वर्तमानपत्र मात्र कुणीच उघडलं नव्हतं.

जावयाने उघडलं. रविवारच्या पुरवणीत सासरेबुवांचा लेख होता. त्यात पक्ष्याचं तीन ओळींचं वर्णन होतं आणि रीतसर लॅटिन नावही होतं. शेवटचा शब्द सासूबाईंच्या नावावरून केलेला. प्राध्यापकांच्या कितीतरी आधीचा. म्हणजे नियमाने पक्षी सासूबाईंचा.

बायकोला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. बाबांना आयुष्यात मिरवायला एवढं एकच आहे, तुम्हाला दुसरे पक्षी नाहीत का, असं तिने विचारलं. दुसरे पुष्कळ होते, पण सूची छापायला जायची होती. हयात नसलेल्या ग्रंथकारांखेरीज जावयाने आजवर कुणाची चूक काढली नव्हती. बोलायचं वाक्य त्याने न्हाणीघरात घोकलं आणि बायकोबरोबर सासुरवाडीला गेल्यावर ते न बोलता कात्रणाची छायाप्रत नुसती टीपॉयवर ठेवली.

सासरेबुवांचे कान लाल झाले. विसरले नव्हते, हे उघडच होतं. त्या वेळी ही रुसून माहेरी गेली होती, म्हणाले, तिची समजूत काढायला लिहिलं. पण छापून येण्याआधीच ती परत आली, मग दाखवायची गरज उरली नाही. पुढे मित्राने मोठ्या मासिकात आपलं नाव घातल्यावर तर बोलायचा प्रश्नच नव्हता.

"यातून काही वाट?" त्यांनी हळूच विचारलं.

एकच होती. वर्णन अपुरं आहे, त्यावरून पक्षी ओळखता येत नाही, असं ठरलं तर जुनं नाव बाद होतं. आणि खुद्द लेखकानेच तसं लिहून दिलं तर वाद कोण घालणार? सासरेबुवांनी लगेच पेन मागितलं.

तोवर सासूबाईंनी चष्मा लावून कात्रण वाचलं होतं.

"खाटकाला माझं नाव," त्या म्हणाल्या. "गाणारे पक्षी संपले होते वाटतं. नको मला. आणि अपुरंच आहे हे. पाठ जास्त करडी, डोळ्यावरची पट्टी रुंद. यात काय कळतंय? घाईघाईत खरडलंय झालं."

सासरेबुवांचं पेन हवेतच थांबलं. "घाईघाईत? डोंगरात फिरून पायाचे तुकडे पडले होते माझ्या. करडी पाठ आणि रुंद पट्टी असलेला दुसरा एक खाटीक दाखव मला."

"मला काय कळतंय त्यातलं? मी आपली तुमचीच बाजू घेतेय."

सासरेबुवांनी कपाटातून जाडजूड ग्रंथ उतरवायला लावले. प्राध्यापकांचा निबंध काढला. एकेक उपजात वर्णनाशी ताडून पाहिली. मित्राने चार पानं खर्च करून जे सांगितलं ते आपण तीन ओळींत सांगितलं होतं, हे जसजसं दिसू लागलं तसतसा त्यांचा आवाज चढत गेला.

"जावईबापू, तुम्ही सांगा. अपुरं आहे हे?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"नाही बाबा. पुरेसं आहे."

"नुसतं पुरेसं?"

"उत्तम आहे."

"मग छापा तसंच," सासरेबुवांनी फर्मावलं आणि खटला जिंकलेल्या वकिलाच्या थाटात चहा मागवला. अर्धा कप संपल्यावर आपण काय जिंकलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हा खातो काय हो?" सासूबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्या पक्ष्याबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"किडे, सरडे," सासरेबुवा खालच्या आवाजात म्हणाले. "काट्यावर टोचून ठेवतो आणि मग सावकाश खातो."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.