गार चिमटा

"दवाखान्यात कुणाला काय इचारायचं न्हाई," असं कमलबाईनं कुरुंद्याहून निघतानाच पंचफुलाला बजावलं होतं. म्हणजे मांजरीला सांगायचं, दुधाकडं बघू नको! नववीत गेल्यापासून लेकीच्या जिभेला पंख फुटले होते.

पण आत जनकावहिनी कालपासून कळा देऊन थकली होती. लेकरू खाली येऊन अडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दारात येऊन तिच्या नवऱ्याला, जळबादादाला विचारलं, "चिमटा लावावा लागेल. लावू ना?"

"लावा," दादा म्हणाला.

जनकानं ते ऐकलं. समोर स्टोव्हवरच्या पातेल्यात काहीतरी लोखंडी खदखदत होतं, वाफा निघत होत्या. तिनं खाटेची दांडी घट्ट धरली. "माझ्या लेकराला डागू देणार न्हाई मी!"

"कोण डागतंय?" बाई बुचकळ्यात पडल्या. त्या पुण्याकडच्या.

पंचफुला घुसलीच आत. "बाई, आमच्याकडं चिमटा म्हंजी चुलीतला. लेकराचं पोट फुगलं की तापवून डागतेत त्यानं. वहिनीचा भाऊ त्यातच गेला. आन् दादाला काहून इचारलं? लेकरू काय दादाच्या पोटात हाय?" मग तिला राहवेना. "तुमचा चिमटा कसला असतो? दाखवा की!"

बाईंनी कपाटातला दुसरा चिमटा काढून जनकाच्या हातात दिला. दोन लांब पळ्या एकमेकींत अडकवाव्यात तसा. जनकानं तो गालाला लावून बघितला.

"गार हाय की ह्यो!"

"पातेल्यातलाही गार करूनच लावणार. जंतू मरावेत म्हणून उकळलाय. कळ आली की तू जोर कर, मी डोकं धरून ओढीन. बाळाच्या गालावर वळ उठेल, दोन-चार दिवसांत जाईल. तुला टाके पडतील."

"डोळ्याला लागंल का?"

"सहसा नाही. पण कधीच नाही, असं नाही म्हणणार."

आता वहिनी घाबरणार, असं पंचफुलाला वाटलं. पण जनकाची मूठ दांडीवरून सैल झाली.

"आन् न्हाई म्हणलं तर?"

"तर नांदेडला नेऊन पोट उघडावं लागेल. बाळाचे ठोके मंदावलेत. वाटेत काय होईल, सांगता येत नाही."

जनकानं चिमटा परत दिला. "लावा. पण मी थांबा म्हणलं की थांबायचं."

"थांबेन."

पोरगी झाली, ती सगळा दवाखाना उठवत! कमलबाईनं नातीच्या गालावरचा लाल वळ बघितला आणि कपाळावर हात मारला. "डागलंच का गं माय?"

"न्हाई आत्याबाई. गार चिमट्यानं ओढलंय. मला इचारून."

पंचफुला वळावर वाकली होती. "वहिनी, ह्या गालावर जास्त काहून उठलाय?"

"गप गं!" कमलबाई खेकसली.

"इचारू द्या तिला," जनका म्हणाली.