फाटकावरचं शोकपत्रक

झोर्नित्साने चाकूचं पातं कागदाच्या कडेखाली सरकवलं आणि जोराने ओढलं. खळ इतकी घट्ट बसली होती की कागदाबरोबर फाटकाचा हिरवा रंगही सोलून निघाला. फोटोतल्या आजोबांचा अर्धा चेहरा तिच्या हातात आला, टोपीकडचा अर्धा फाटकावरच राहिला.

"हळू गं," मागून आवाज आला. "तो फोटो बरा आलाय माझा."

लाझार आजोबा सपाता घालून अंगणात उभे होते, हातात कॉफीचा कप. फाटकावर काळ्या चौकटीत त्यांचं नाव, वय आणि 'दुःखद निधन' असं ठळक छापलेलं, आणि हे तिथेच उभे राहून कॉफीचे घोट घेत होते.

"तुम्हाला हसू येतंय?"

"पाद्री येऊन गेले. दफन कधी म्हणून विचारत होते. म्हटलं, तुमच्या सोयीनं ठेवा."

झोर्नित्साला हसू आलं नाही. गावात कुणी गेलं की असा कागद लागतो, घराच्या फाटकावर, दुकानाच्या दारावर, बसथांब्यावर. लोक तो वाचून टोपी काढतात, बायका क्रुसाची खूण करतात, संध्याकाळपर्यंत दोन-दोन शेवंत्या घेऊन लोक घरी येतात. जिवंत माणसाच्या नावाने तो लावायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. ते बोयानच्या डोक्यात आलं होतं.

बोयान तिच्याच वर्गातला, सोफियाच्या फिल्मशाळेतला, आणि या छोट्या फिल्मचा दिग्दर्शक. जर्मनीला गेलेल्या मुलाची वाट पाहत मरणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट. म्हातारा म्हणजे झोर्नित्साचे आजोबा. आठवडाभर त्यांनी फुकटात काम केलं होतं, वर सगळ्यांना घरचं चीज आणि राकिया दारू घालून पोसलंही होतं. शोकपत्रकाचं दृश्य ठरलं होतं ते एवढंच: कागद फाटकावर लावायचा, मिनिटभर शूट करायचा, लगेच काढायचा. पण आज सकाळी बोयानने तिला व्रात्सा शहरात पिटाळलं, दिवा दुरुस्त करून आणायला. दुकानदाराने दिवा लावून पाहिला आणि तो मुळात बिघडलेलाच नव्हता. म्हणून ती दुपारच्याच बसने परतली, उतरली, आणि थांब्यावरच्या खांबावर आपल्या आजोबांचं मरण वाचलं. तिथून घरापर्यंत ती कशी पळाली ते तिचं तिला ठाऊक नव्हतं.

समोरच्या वाचनालयाच्या वरच्या खिडकीत कॅमेरा लावून बसलेले बोयान आणि कॅमेरा सांभाळणारा प्लामेन खाली उतरून आले.

"झोरा, ऐकून तरी घे," बोयान म्हणाला. "नटांकडून ते आलंच नसतं. खरी माणसं, खरं दुःख. तुला काय सांगू, काय काय मिळालंय!"

"मी बसमधून उतरले आणि थांब्यावर वाचलं ते."

"थांब्यावर आपला कॅमेरा नव्हता ना," बोयान म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क हळहळ होती.

झोर्नित्साने हातातला चाकू बाकावर ठेवून दिला. तो हातात असणं तिला बरं वाटेना.

"यातलं काहीही फिल्ममध्ये जाणार नाही. आजोबांना न सांगता, गावाला न सांगता तुम्ही..."

प्लामेन बूट पाहत राहिला. बोयानने आजोबांकडे एक नजर टाकली. आजोबांनी कपातली उरलेली कॉफी द्राक्षवेलाच्या बुडाशी ओतली आणि ते आत गेले.

त्या संध्याकाळी शेजारच्या स्तामेनामावशीची दुधाची बरणी आली नाही. आजी गेल्यापासून रोज संध्याकाळी ती कुंपणावरून दूध द्यायची आणि रिकामी बरणी परत न्यायची. आज तिच्या खिडक्या बंद होत्या. आजोबा तीनदा कुंपणापर्यंत जाऊन आले.

"दमली असेल," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

सोफियाला परतल्यावर झोर्नित्सा संकलनाला बसली ती एकाच हट्टाने. संकलन तिच्याकडे होतं, त्यामुळे गावकऱ्यांचा एकेक तुकडा ती स्वतःच्या हाताने काढून फेकणार होती. बोयान तिच्या मागे खुर्ची ओढून बसला, सूर्यफुलाच्या बिया सोलत.

"फेकायच्या आधी बघ तरी," तो म्हणाला.

पोस्टमन कागद वाचून डोकं खाजवत निघून गेला. दोन बाया हळहळल्या आणि लगेच टोमॅटोच्या गप्पांना लागल्या. मग स्तामेनामावशी आली. चष्मा घरी राहिला असावा, कारण ती कागदाला नाक लावून वाचत होती. वाचून झालं तरी ती हलली नाही. गल्लीत दोन्हीकडे पाहून तिने फोटोवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ ठेवला. मग घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्याला काळा रुमाल होता.

झोर्नित्साचा हात माऊसवर थांबला. गेलेल्या माणसासाठी काळा रुमाल घरच्याच बाया बांधतात. बायको, बहीण, लेक. शेजारीण बांधत नाही. स्तामेनामावशीने तर लग्नच केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे गावात कुणी कधी तिला विचारलं नव्हतं.

पडद्यावर मावशीने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. आणि एकदम मान वर करून पाहिलं. पुढच्या क्षणी तिने रुमाल ओरबाडून काढला, स्वेटरखाली कोंबला, आणि ती पळाली. गुडघे धरून चालणारी ती बाई अक्षरशः पळाली.

"आता बोल," बोयान कुजबुजला. "ही एक गोष्ट आपल्याला कुठल्याही महोत्सवात नेईल."

"ती काम करत नव्हती, बोयान."

"म्हणून तर!"

"सरांनी काय सांगितलंय? ज्याचा चेहरा दिसतो त्याने हो म्हटल्याशिवाय काहीही जाणार नाही."

"मग जाऊन हो म्हणवून घे. तुझ्या शेजारची आहे, तुला नाही म्हणणार नाही."

झोर्नित्साच्या अंगाची आग झाली. या माणसाने एका बाईचं उभा जन्म झाकून ठेवलेलं चव्हाट्यावर आणलं होतं, आणि वर तिच्याकडून होकारही हवा होता, तोही झोर्नित्साच्या हातून. ती उठणार होती. पण एक गोष्ट तिला खटकली. मावशीने वर पाहिलं होतं, पण कॅमेऱ्याकडे नव्हे. वाचनालय तर तिच्या पाठीमागे होतं.

तिने तुकडा मागे नेला. पुन्हा चालवला. पुन्हा मागे नेला. मग चित्र मोठं केलं आणि आवाज वाढवला. मावशीचा हात कडीवर गेला तसा घरातून कुणीतरी खोकलं. वरच्या खिडकीतला पडदा हलला. पडद्याच्या कडेला चार बोटं होती.

आजोबा झोपले होते. पाद्री आले तेव्हा जागे झाले, आणि तोवर त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. असं त्यांनीच सांगितलं होतं.

झोर्नित्सा सावकाश वळली. बोयान बिया सोलायचा थांबला होता.

"त्यांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "तुला सांगायचं नाही म्हणून."

शनिवारी ती गावी पोचली तेव्हा आजोबा अंगणात मिरच्या भाजत होते. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला, आणि तिचा चेहरा पाहून उतरला.

"तुम्ही जागे होतात," ती म्हणाली.

त्यांनी चिमट्याने एक मिरची उलटवली. ती आधीच उलटवलेली होती.

"त्या पोरानं विचारलं, आजोबा, बघायचं का तुमच्यामागे कोण कोण रडतं? माणसाला वाटतं गं. या वयात फार वाटतं."

"आणि मी? मी थांब्यावर वाचलं ते?"

"तू संध्याकाळच्या बसनं येणार होतीस."

"वा! म्हणजे संध्याकाळी वाचलं असतं तर चाललं असतं!"

"तोवर काढून टाकणार होतो." आजोबांचा आवाज बारीक झाला. "स्तामेना दोन फुलं घेऊन येईल, एवढंच वाटलं होतं मला. त्या रुमालाचं मला काय ठाऊक?"

"मग खोकलात कशाला?"

"कडीवर हात होता तिचा. आत आली असती तर मी कुठं तोंड लपवणार होतो?"

"तुमचं तोंड लपवायला तिला गल्लीत उघडं पाडलंत." झोर्नित्सा म्हणाली. आठवडाभर बोयानला घातलेल्या शिव्या तिला आता पुरेनात. "मी तुमच्यासाठी भांडत होते. वर्गात सगळ्यांशी वैर घेतलं मी, आजोबा, तुम्हाला फसवलं म्हणून!"

आजोबांनी मिरच्यांखालचा विस्तव विझवला.

"ते चित्र काढून टाक," ते म्हणाले.

"ती हो म्हटल्याशिवाय ते जात नाहीच. पण ते विचारायला मी जाणार नाही. आणि माफी मागायलाही मी जाणार नाही. तुम्ही जा."

त्यांना बराच वेळ लागला. हात धुतले, ते पुन्हा धुतले. इस्त्रीचा शर्ट चढवला. मग टोपी घालून शेजारच्या फाटकाशी गेले. झोर्नित्सा त्यांच्यामागून गेली, पण चार पावलं दूर उभी राहिली. खिडक्या बंदच होत्या. आत कुणीतरी भांडी घासत होतं.

"स्तामेना," आजोबांनी हाक मारली. भांड्यांचा आवाज थांबला.

"कोण आहे?"

"मी. लाझार."

आतून तिचा आवाज आला, अगदी शांत, रोज बरणी परत मागायची तेव्हाच्यासारखा.

"लाझार गेला. कागद वाचलाय मी."

भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. आजोबांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते तसेच उभे राहिले. झोर्नित्साने त्यांना घरी चला म्हटलं नाही.