दोन टोकाईचा रामराव

मी फिरता कॅमेरा बोलून राहिलो, अकोल्याच्या इनायतुल्लाच्या दुकानातला. गोष्ट सांगतो, पण आंधी पैज लावा. शेवटी रामरावले काय भोगा लागलं, ते ओयखून दाखवा. नाई जमत तुमाले. तुमच्यासारखे हुशार मी रांगेनं बसेल लय पाह्यले.

माहा जलम विलायतेतला. एका साहेबानं आनलं, अन् जातानी इनायतुल्लाले इकून गेला. दुसरे कॅमेरे एका जागी उभे राहून डोया मारतात. मी तसा नाई. किल्ली भरली का तिपाईवर हयूहयू फिरतो अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत सारी रांग एका लांब फोटूत घेतो. म्हनून मले क्लबवाले बलावत. टेनिसवाले, भजनवाले, पोटाले फडकं बांधून गुपचूप सभा भरवनारे साहेबलोक. सारे सारखेच बावळट! आंधी मधात बसाले भांडत, मंग पोट आत ओढून दम धरत. मी जवळ पोचेपर्यंत त्याईचे डोये बाहेर येत.

मंदीचं साल होतं. कापसाले भाव नाई, अन् वरतून अडते मापात मारत. अकोटच्या चंद्रभान नावाच्या शेतकऱ्यानं पयल्यांदा कापसाची गाडी न इकता वापस फिरवली, मंग सारा बाजारच फिरला. अडते नरम आले. समेट झाला का काट्यापाशी शेतकऱ्याईचा एक पंच उभा राहीन, माप पाहीन. पंच निवडाचा बाकी होता. समेटाचा फोटू काढाले मले कापसातली सरकी काढाच्या जिनाच्या मैदानात नेलं. डाव्या अंगाले अडते, उजव्या अंगाले शेतकरी.

रामराव अडत्याईचा म्होरक्या. पन त्याचं सोताचं थोडं वावर, म्हंजे शेत होतं, म्हनून त्याले पंचही व्हाचं होतं. म्हंजे मापनाराही हाच, अन् माप पाहनाराही हाच! चोराच्या हाती किल्ल्या.

इनायतुल्ला वरडला, "माह्याकडं पाहा! मान हलवाची नाई. जो हिलला तो भूत दिसीन!"

साऱ्याईनं माना अशा ताठ केल्या जसे खांब गियले.

मी डावीकडून निंगालो. रामराव पगडी घालून, मिशीले पीळ देऊन बसेल. मी पुढं सरकलो, तसा हा गडी वाकून रांगेमागून पयाला. पगडी बगलेत, खिशातली टोपी डोक्यावर. कोनी मान वळवीन तं शपथ! मी पोचलो तवा शेतकऱ्याईच्या शेवटच्या टोकाले बसून धापा टाकत होता.

मंग दुकानात आला. "इनायतभाऊ, फोटू मधातून काप. अर्धा अडत्याईच्या हापिसात, अर्धा शेतकऱ्याईच्या पंच निवडाच्या सभेत."

"क्या बात करते, रामरावसाब? वऱ्हाडात असा फोटू कोनापाशी नाई. त्याले कैची लावू?"

"सांगतो तसं कर!" म्हनून गेला. इनायतुल्ला गालात हासला, अन् बाजाराच्या दिवशी अख्खा फोटू दुकानाबाहेर टांगला.

चंद्रभानची बायको पार्वताबाई थांबली. "अवो माय! हा रामराव दोन दोन कावून? जुळे झाले होते का याच्या मायले?"

चंद्रभाननं निरखून पाह्यलं. "जुळा कायचा! तिकडं पगडी, इकडं टोपी. पोट तेच, अन् कोटावर अडत्याईचा बिल्ला बी तोच!"

लोकं लोटले. रामराव धावत आला. "मशीन बिघडेल हाय!"

मी बिघडेल? लेका, तुया खानदानात एक तरी माह्याएवढा सिधा फिरला का?

इनायतुल्ला म्हने, "मशीन बिघडली असती तं साऱ्याईचे दोन दोन निंगाले असते, साब. तुमचेच कावून?"

चंद्रभान पंच झाला. अडत्याईनं दुसरा म्होरक्या पाह्यला.

आता माही किल्लीची कमान गंजली. माह्यावर छत्र्या टांगतात. टांगा बाप्पा. फक्त कोन्या मंडळाच्या रांगेपुढं मले आता नेऊ नका. ते ओढेल पोटं पाहून ओकारी येते.

राह्यली पैज. त्याच साली वलगावले लग्न होतं, फोटू काढाले मलेही नेलं होतं. पंगत बसली. रामराव अडत्याईत बसाले गेला. ते म्हने, "तुमचं पान तिकडं, शेतकऱ्याईत." तिकडं गेला तं पार्वताबाई वाढून राहिली होती.

"भाऊ, तुमी तं त्या टोकाले बसले ना? मी आताच पाह्यलं."

सारी पंगत खोखो हासली. बुंदीची परात त्याच्या नाकापुढून गेली, अन् रामराव वलगावहून अकोल्यापर्यंत उपाशी आला.