पहिला मान

वाडीतल्या निम्म्या होड्या सामुएलने बांधलेल्या, पण वाडीने त्याला कधी कसला मान दिला नव्हता. शिमग्याच्या पालखीला नाही, नारळी पुनवेच्या नारळाला नाही. ख्रिस्ती माणसाचं एकच घर, त्याला कसला मान द्यायचा? आणि आज दिला तो कसला, तर माणूस मारायचा.

भरदुपारी आरे-वारेच्या अलीकडे एक फुटकी होडी किनाऱ्याला लागली. तिच्यातून तिशीतला एक खलाशी अर्धमेला बाहेर पडला, आणि त्याच्या खिशातला कागद पलीकडच्या देशाचा निघाला. त्याच देशाशी सीमेवर लढाई जुंपलेली. मग काय विचारता. सामुएल पोचला तोवर खलाशाचे पुढचे दात गेले होते, एक डोळा मिटला होता आणि हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. नितेश त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. नितेश म्हणजे सामुएलच्या मुलाचा, अनिलचा, शाळेपासूनचा दोस्त. अनिल फौजेत होता. नऊ दिवसांपूर्वी तोफगोळ्याने गेला. पेटी उघडू नका, असं पेटीबरोबर आलेल्या साहेबांनी बजावलं होतं.

"थांबा," गंगाराम गावकर म्हणाला. वाडीत त्याचा शब्द चाले. "ह्याचा झील गेलाय. पहिला घाव ह्याचा, मान ह्याचा. मग आपण."

त्याने सामुएलच्या हातात वल्हं दिलं. सगळे मागे सरले.

सामुएलला मारायचं होतं, हे सांगितलंच पाहिजे. उगाच त्याला संत करण्यात अर्थ नाही. ते डोकं फोडावं आणि आतलं वाळूवर सांडलेलं बघावं, असं त्याच्या मनात आलं. अनिलच्या दफनाला पाळक म्हणाले होते, येशूने वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय, आणि ते लढाईतसुद्धा लागू आहे. तेव्हा सामुएलला त्या पाळकांचाच गळा धरावासा वाटला होता. जन्मभर तो हेच ऐकत आणि होकार देत आला होता. तोवर त्याला वैरी नव्हता.

त्याने वल्हं डोक्यावर उचललं. खलाशाने धड राहिलेल्या हाताने तोंड झाकलं. वल्हं बराच वेळ तसंच वर राहिलं. मग सामुएलने ते खाली घेतलं, खलाशाशेजारी वाळूत बसला आणि ते मांडीवर आडवं ठेवलं.

"मान माझा ना?" त्याने विचारलं.

"तुझाच," गंगाराम म्हणाला.

"मग मी हाणल्याबिगर कोणी हाणायचं नाय."

"हाण की मग. कोणाची वाट बघतंस?"

"हाणीन. माझ्या सवडीन."

गर्दीला हे कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा गंगाराम भडकला, पण करतो काय? मान त्यानेच दिलेला, चारचौघांत. आपणच मोडला तर उद्या पालखीपुढे त्याला कोण विचारणार? कोणीतरी मागून म्हणालं, पोलीस निघालेत.

"काका, उठा," नितेश म्हणाला. तो रडत होता. "अनिल तुमचा कोणच नव्हता?"

सामुएल उठला नाही. नितेशने वल्हं हिसकावलं आणि त्याच्याच पाठीत घातलं. मनाई खलाशाला मारायला होती, सामुएलला मारायला नव्हती. ही पळवाट सगळ्यांना एकदम पटली. सामुएल खलाशावर आडवा पडला. मग वल्ही पडली, दगड पडले, लाथा पडल्या. खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. "दगाबाज," असं जो ओरडला त्याची होडी सामुएलने गेल्याच साली बांधली होती.

खाली दबलेल्या खलाशाने त्याचा सदरा घट्ट धरला. खलाशाच्या रक्ताचा वास नाकात शिरला आणि सामुएलला किळस आली. माया वगैरे काही वाटली नाही. अनिल मेला आणि हा जिता आहे, एवढंच वाटत राहिलं. पुढचा दगड आला तेव्हा त्याने खलाशाचं उघडं पडलेलं डोकं आपल्या छातीखाली ओढून घेतलं.

जीप आली तेव्हा दोघेही जिवंत होते. हवालदाराने वाकून विचारलं, "हा तुमचा कोण?"

"वैरी," सामुएल म्हणाला. "आधी त्याला उचला."