ओळीआधीचे दोन ठिपके

‘‘आई, ते दोन ठिपके आधी काढायचे हं. ते असेपर्यंत काही म्हणता काही होणार नाही.’’

संगणकाच्या पडद्यावर ते होते – एकावर एक, मोहरीएवढे, पाच आडव्या रेघांच्या अलीकडे. चाळीस वर्षं शिवणकाम केलेले आईचे डोळे. चष्म्याशिवायही दिसतं मला, असं ती म्हणायची, आणि ठमी, तिची एकुलती एक लेक, हसून तिचा चष्मा लपवायची... हा कानात राहिलेला आवाज ठमीचाच. सात महिन्यांपूर्वीचा, इस्पितळाच्या खाटेवरून आलेला, दोन वाक्यांमध्ये दम घेणारा. ‘‘मी गेले की लगेच करशील ना? वचन दे.’’ तिने दिलं होतं. अशा वेळी कोणती आई नाही म्हणते?

ठमीने लिनक्स या मोफत संगणकप्रणालीसाठी एक लहानसं अवजार लिहिलं होतं – आपल्या फायली कुलूपबंद ठेवण्याचं. कुणीही घ्यावं, आत डोकावावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. ‘‘अगं, कुलूप करतेस आणि आतले खटके साऱ्या जगाला दाखवतेस?’’ यावर लेकीने हातातलं काम सोडून म्हटलं होतं, ‘‘दाखवते म्हणून तर लोक विश्वास ठेवतात. जो शिंपी अस्तर उलटून दाखवत नाही, त्याचा कोट तू घेशील?’’ मग तिने सहीचं सांगितलं. नव्या प्रत्येक आवृत्तीवर ती संगणकात जपलेल्या स्वतःच्या गुप्त किल्लीने सही करी. ‘‘तुझी तुरपाई तू कुठेही ओळखतेस ना? तशीच माझी सही मशीन ओळखतं.’’

तेव्हापासून... नाही, ठमी गेल्यापासून, आईचा एक नेम झाला होता. आंघोळ, देवापुढे दिवा, आणि मग संगणकापुढे बसून ठमीच्या शेवटच्या आवृत्तीवरची सही तपासायला पाठ झालेली एक ओळ लिहायची. मशीन क्षणभर थांबे आणि सांगे – सही खरी आहे. खाली ठमीचं पूर्ण नाव. मगच चहा. एकदा अंगात ताप होता, तरी खंड पडू दिला नाही.

आणि तिसऱ्या महिन्यात तिने ठमीचे कपडे देऊन टाकले, त्यांच्याबरोबर तिचा जुना लॅपटॉपही दुरुस्तीच्या दुकानात दिला – कुणा गरजूला द्या म्हणून. मऊ फडक्याने पुसला, बटणांच्या फटींतले कण सुईच्या टोकाने काढले. लख्ख केला. आतलं तसंच राहिलं, हे गेल्या आठवड्यात कळलं, जेव्हा ठमीच्या जोडीने ते अवजार सांभाळणाऱ्या माणसाने फोन केला – भागीदार म्हणायची ती त्याला.

‘‘काकू, तिचा जुना लॅपटॉप?’’

‘‘दिला.’’

‘‘डिस्क कोरी करून?’’

‘‘...पुसून दिला.’’

तो हळूच म्हणाला, ‘‘किल्लीची एक प्रत त्यात असणार. आता तो कुणाच्या हाती गेला असेल, कोण जाणे. किल्लीला परवलीचा शब्द आहे, पण तो आज ना उद्या कुणी फोडला, तर ठमीच्या नावाने काहीही सही करून पाठवतील. दवाखाने वापरतात हो हे, रोग्यांच्या नोंदींसाठी. किल्ली रद्द करायची फाइल फक्त तुमच्याकडे आहे.’’

‘‘हातातला कोट झाला की करते.’’

तेव्हापासून आई रोज ती फाइल उघडत होती, दोन ठिपके पुसत होती, हात मांडीत घेऊन बसत होती आणि पुन्हा ते जागच्या जागी घालत होती... उसवलेला टाका परत घालावा तसे. किल्ली तयार झाली त्याच दिवशी मशीनने ही फाइलही करून ठेवली होती, आणि ठिपकेही त्यानेच घातले होते. ‘‘चुकून कुणी मला मारून टाकू नये म्हणून गं,’’ ठमी म्हणाली होती – धडधाकट ठमी, केस ओले, तोंडात टूथब्रश. आणि आईने पाठीत धपाटा घातला होता. असलं काहीतरी बोलू नये, सकाळच्या पारी तर नाहीच.

आज दुपारी कोटाची बाही लावताना पुन्हा भागीदाराचा फोन आला.

‘‘काकू, शिवून झालं?’’

‘‘बाही राहिलीय.’’

‘‘आठ दिवस झाले. किती बाह्या असतात हो तुमच्या कोटाला?’’

ती हसली. तोही हसला.

‘‘तूच कर ना रे,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्याच्याने...’’

‘‘तशी फाइल मला बनवता येत नाही, काकू. कुणालाच नाही. त्या रद्द करायच्या फायलीवर सुद्धा तिचीच सही आहे. नऊ वर्षांपूर्वीची. ती स्वतःच सांगून गेलीय, आपण फक्त पोचवायचं.’’

फोन ठेवल्यावर ती बाही हातात धरून बसली. तिचीच सही... म्हणजे रोज सकाळी जी खरी निघाल्यावर घशाखाली चहा उतरायचा, तीच सही या दोन ठिपक्यांमागेही होती, आणि ती, आई, इतके महिने... मी तिच्या तोंडावर हात धरून बसलेय की काय? शेवटचं काही सांगायचं असलेल्या लेकीच्या तोंडावर? पण मग उद्या – दिवा लावून झाल्यावर – उद्या त्या खुर्चीत बसून काय विचारायचं? सही खरी आहे, असं म्हणेल ते, आणि खाली लाल अक्षरांत लिहील की ही किल्ली मालकिणीनेच रद्द केली आहे. मालकिणीनेच. दोन्ही ओळी खऱ्या. दोन्ही एकदम वाचायची सवय डोळ्यांना कधी होते, कुणाला माहीत.

बाहीला अजून चार टाके हवे होते. तिने सुई कापडातच टोचून ठेवली, उठून हात धुतले, कोरडे केले. मग खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला आणि बाणाचं बटण एक एक दाबत, घाई न करता, त्या पाच आडव्या रेघांच्या अलीकडे जाऊ लागली.