दोन पौंडांची मर्यादा

विदरली लॉन टेनिस क्लबात पैज लावणाऱ्याची अक्कल तो किती जिंकला यावरून मोजत नसत. जिंकल्याच्या गोष्टी कुणीही सांगतो. तिथे कसोटी एकच होती: बुकीने तुझी पैज घ्यायला कधी नकार दिलाय का? हरणाऱ्याचे पैसे कंपन्या हसत घेतात आणि कोणी सतत जिंकताना दिसला की त्याच्या खात्याला मर्यादा घालतात, मग त्याला दोन पौंडांच्या वर पैज लावता येत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. अशी मर्यादा पडलेला एकच सभासद क्लबाने पाहिला होता. तो सिरिल बॅगली. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बारमध्ये त्याचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणत.

ऑब्री पेथिकला ती मर्यादा हवी होती.

ऑब्री पाणीपुरवठा कंपनीतून निवृत्त झालेला. पुढच्या वर्षी जमिनीखालचे नळ कुठे फुटतील याचे अंदाज तो आयुष्यभर बांधत आला आणि नळ दुसरीकडे फुटत आले. निवृत्तीनंतर त्याने आपली विद्या टेनिसकडे वळवली. मेलबर्न, पॅरिस, विम्बल्डन, न्यूयॉर्क, या चारही मोठ्या स्पर्धांचे पंचवीस वर्षांचे निकाल गोळा करून त्याने एक तक्ता केला. खेळाडू डावखुरा आहे का, पॅरिसच्या मातीवर किती सेट हरला, गवतावर आधी किती सामने खेळला, लग्न केव्हा झालं, प्रशिक्षक केव्हा बदलला, असे रकाने वाढत वाढत चाळिशीच्या पुढे गेले. मागच्या पंचवीस वर्षांचा प्रत्येक विजेता हा तक्ता अचूक सांगत असे. फक्त त्या त्या वर्षी, स्पर्धा सुरू होण्याआधी, तो सांगता आला नव्हता इतकंच. अंदाज चुकला की ऑब्री का चुकला ते शोधून काढी, त्याचा एक नवा रकाना करी, आणि तक्ता पुन्हा शंभर टक्के बरोबर होई. अशा रीतीने प्रत्येक पराभवागणिक तक्ता शहाणा होत चालला होता.

क्लबात मात्र ऑब्रीला कुणी काही विचारत नसे. चेंडूंचा नवा डबा कुठे ठेवलाय, हे सोडून.

मे महिन्यात ही परिस्थिती बदलण्याचा योग आला. तिसऱ्या कोर्टाखाली चिचुंद्रीसारख्या मोल नावाच्या प्राण्यांनी बिळं केली होती आणि ते कोर्ट नव्याने बसवायला अकरा हजार पौंड लागणार होते. केक आणि मुरंबे विकून आठ वर्षांत जमले होते चार. समितीच्या बैठकीत क्लाइव्ह हॉकरिज, ज्याला कुठलीही गंभीर गोष्ट सहन होत नसे, म्हणाला, "ऑब्रीकडे द्या ना ते चार. विम्बल्डनच्या फायनलला लावेल. नाहीतरी मोलच खातायत."

सगळे हसले. ऑब्री हसला नाही. "मी तयार आहे," तो म्हणाला.

खजिनदार जेराल्डीन मॉक्सन चष्म्यावरून बघत म्हणाली, "आधी तुला मर्यादा पडू दे, ऑब्री. मग बोलू."

हे टोमण्यादाखल होतं. पण इंग्रज समितीत एकदा कुणी काही बोललं की ते इतिवृत्तात जातं, आणि इतिवृत्तात गेलं की तो ठराव होतो. पेथिकच्या खात्याला मर्यादा पडल्यास निधीचा विचार फायनलच्या आदल्या दिवशी करावा, असं रीतसर ठरलं.

ऑब्री वाट पाहू लागला. त्याच्या हिशेबाने मर्यादा केव्हाच पडायला हवी होती, कारण तो दहापैकी सात पैजा जिंकत होता. हे खरं होतं. त्याचा तक्ता बहुतेक वेळा बलाढ्य खेळाडूलाच कौल देई आणि बलाढ्य खेळाडू बहुतेक वेळा जिंकतो. पण अशा खेळाडूवर शंभर लावले तर जिंकल्यावर वर पंचवीसच मिळतात आणि हरल्यावर शंभरच्या शंभर जातात. सात वेळा पंचवीस मिळवून तीन वेळा शंभर घालवणाऱ्या माणसाला कुठली कंपनी हाकलेल? पण ऑब्री जिंकलेल्या पैजा मोजत होता. पैसे मोजणं त्याला हलकं वाटे.

जूनच्या अखेरीस पैजांच्या कंपनीतून फोन आला. मर्यादेचा नव्हता.

"मिस्टर पेथिक, मी टॅम्सिन. आजपासून तुमचं खातं मी स्वतः सांभाळणार आहे. सेमीफायनलच्या दिवशी आमच्याकडे खास पाहुण्यांसाठी जेवण आहे. तुम्ही आणि मिसेस पेथिक याल का?"

ऑब्रीने फोन ठेवला. "लोर्ना, मला हाकलायचं धाडस होत नाहीये त्यांना," तो म्हणाला. "म्हणून गोंजारतायत."

लोर्नाने सगळी नोकरी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत केली होती. लोकांच्या रक्तात काय आहे ते त्यांच्या आधी तिला कळत असे आणि ते सांगायचं काम दुसऱ्याचं असे. त्या सवयीने ती एवढंच म्हणाली, "सॅमन असेल का रे?"

सॅमन होता. मैदानापासून थोड्या अंतरावरच्या एका बंगल्याच्या हिरवळीवर पांढरा तंबू, मोठा पडदा, थंड शॅम्पेन, साय घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या. ऑब्रीच्या टेबलावर आणखी तीन पाहुणे होते. एक दंतवैद्य, एक निवृत्त वैमानिक आणि एक जण अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा, त्याचं नाव पर्सिव्हल ग्रिम्स.

"तुमचं काय?" दंतवैद्याने ऑब्रीला विचारलं. "मी विश्रांतीच्या तासांवर जातो. दोन सामन्यांत किती तास मिळाले, तेवढंच. बाकी सगळं थोतांड."

"तास?" वैमानिक म्हणाला. "अहो, खेळाडू कुठल्या दिशेने विमानातून आला ते बघा. पूर्वेकडून आलेला पहिल्या आठवड्यात हरतो. माझ्याकडे बावीस वर्षांची आकडेवारी आहे."

"आणि तुम्ही?" ऑब्रीने ग्रिम्सकडे वळून विचारलं.

"सर्व्हिसच्या आधी चेंडू किती वेळा आपटतो," ग्रिम्स शांतपणे म्हणाला. "सम की विषम."

तिघांच्या मूर्खपणाने ऑब्रीला मनापासून बरं वाटलं. त्याने आपल्या तक्त्याची थोडक्यात ओळख करून दिली. पहिले बारा रकाने होईपर्यंत तिघांच्याही चेहऱ्यावर तेच बरं वाटणं पसरलेलं त्याला दिसलं, आणि तेरावा रकाना सांगताना त्याची जीभ किंचित अडखळली.

"तुम्हाला मर्यादा पडलीय का कधी?" त्याने विचारलं.

"छे. आमच्यासारख्यांना ओळखायला डोकं लागतं," दंतवैद्य म्हणाला. वैमानिकाने आणि ग्रिम्सने मान डोलावली. हेच वाक्य ऑब्रीने मार्चमध्ये क्लाइव्हला ऐकवलं होतं.

टॅम्सिन शॅम्पेन ओतायला आली. गोड मुलगी होती, नोकरीत नवीन. लोर्नाने तिला विचारलं, "छान चाललंय हं सगळं. पण मला एक सांग, जे नेहमी जिंकतात त्यांचं टेबल कुठलं?"

"त्यांना आम्ही बोलावत नाही," टॅम्सिन हसून म्हणाली. "त्यांची खाती वेगळ्या विभागाकडे असतात. दोन पौंडांवर त्यांचं काही घेतच नाही आम्ही."

"मग पाहुणे निवडता कसे?"

"मागच्या तीन वर्षांचा कल बघून. कोण किती नियमित आहे, पुढच्या वर्षी किती अपेक्षित आहे. अगदी अचूक निघतं हो. मिस्टर पेथिक तर आमचे सगळ्यात भरवशाचे आहेत." तिने ऑब्रीचा पेला काठोकाठ भरला. ती त्याचं कौतुकच करत होती.

दंतवैद्य पडद्याकडे बघत होता. ग्रिम्स ओठांतल्या ओठांत चेंडू मोजत होता. दोघांना काही ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि ते दुसऱ्यांबद्दल आहे असं त्यांना वाटलं होतं. ऑब्रीला मात्र ऐकू आलं. आकडेमोडीत तो कच्चा नव्हता. पंचविसाला सात आणि शंभराला तीन, हा हिशेब त्याने स्ट्रॉबेरी तोंडात असताना केला. उरलेल्या त्याने बशीसकट बाजूला सारल्या.

"बरं वाटत नाहीये का?" लोर्नाने विचारलं.

"तुला माहीत होतं."

"मला सॅमनचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तो खरंच चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती. तंबूमागच्या शौचालयाच्या रांगेत उभा असतानाच ऑब्रीला मार्ग सुचला. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये, खूप आत, ग्राहकाने स्वतःच स्वतःवर मर्यादा घालून घ्यायची सोय होती. संसार बुडवून बसलेल्यांसाठी ती ठेवलेली होती. ऑब्रीने तिथे दोन पौंड हा आकडा भरला. लगेच निरोप आला: आपल्या खात्यावर दोन पौंडांची मर्यादा लागू झाली आहे. कोणी लागू केली, ते त्यात नव्हतं. त्याने पडद्याचा फोटो काढून ठेवला. आता मानही मिळणार होता आणि खात्याला मर्यादा असल्यामुळे क्लबाचे पैसे लावण्याचा प्रश्नच येणार नव्हता. साप मेला, काठीही वाचली, असं म्हणत तो हिरवळीवर परतला.

शनिवारी समितीने तो फोटो हातोहात फिरवला. क्लाइव्हने एकदाही विनोद केला नाही, तेव्हाच ऑब्रीला भीती वाटायला हवी होती.

"तर माझं खातं आता कामातून गेलं," तो नम्रपणे म्हणाला. "निधीचा विषय साहजिकच..."

"तुझं गेलं. माझं आहे ना," क्लाइव्ह म्हणाला. "सिरिलची मर्यादा पडल्यावर त्याच्या पैजा सगळं गाव आपापल्या नावाने लावायचं. तू फक्त नाव सांग."

"माझंही खातं आहे," जेराल्डीन म्हणाली. "आज सकाळी उघडलं."

ऑब्रीने दाराशी बसलेल्या लोर्नाकडे पाहिलं. सभासदांच्या नवऱ्या-बायकांना बैठकीत बसता येत असे, बोलता येत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत चार हजार पौंड होते आणि ते मुरंब्यांचे होते.

"ऐका," तो म्हणाला. "ही मर्यादा कंपनीने घातलेली नाही. मी घातली. स्वतःच, काल, मोबाइलवर. मी जिंकत नाही. मी हरतो. त्यांच्या सगळ्यात भरवशाच्या हरणाऱ्यांपैकी आहे मी."

मग क्लाइव्ह हळूच हसला. "सिरिलही असंच म्हणायचा."

"काय?"

"मी काही जिंकत बिंकत नाही, असं. शेवटपर्यंत म्हणायचा. बाहेरच्यांनी तीच पैज लावून भाव उतरवू नये म्हणून."

"क्लाइव्ह, मी खरं सांगतोय."

"हो रे बाबा. आम्ही बाहेर कुठे बोलणार आहोत?"

जेराल्डीनने चष्मा काढून पुसला. "गेली सहा वर्षं मी तुला बढाया मारताना ऐकतेय, ऑब्री, आणि एक अक्षर खरं मानलं नाही. आज पहिल्यांदाच तू बढाई मारली नाहीस. माझ्या दृष्टीने हा पुरावा पुरेसा आहे."

"हा पुरावाच नाही," ऑब्री म्हणाला. आयुष्यात प्रथमच तो शास्त्राला धरून बोलत होता आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

त्याने नाव सांगायला नकार दिला. त्याची गरज पडली नाही. सेमीफायनल संपल्यावर, मिळणाऱ्या मानाला शोभावं म्हणून, त्याने स्वतःच्या हाताने क्लबाच्या नोटीस बोर्डावर तक्ता लावला होता: ऑस्ट्रेलियाचा हॅलोरन, एकाहत्तर टक्के. तो काढून घ्यायला ऑब्री उठला तेव्हा क्लाइव्हने त्याचा फोटो आधीच घेतला होता. चारही हजार हॅलोरनवर लावायचा ठराव मताला टाकला. विरोधात एकच मत पडलं, ऑब्रीचं, आणि त्याच्या सावधपणाबद्दल समितीने आदर व्यक्त केल्याची नोंद झाली.

रविवारी बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ऑब्रीला पुढची खुर्ची दिली गेली. कुणीतरी न विचारता बिअर आणून ठेवली, कुणीतरी पंखा त्याच्याकडे वळवला. हॅलोरनने पहिला सेट जिंकला तेव्हा लोकांनी पडद्याकडे न बघता ऑब्रीकडे बघून टाळ्या वाजवल्या. दुसरा सेट हॅलोरन हरला. तिसराही. चौथ्यात त्याच्या मांडीचा स्नायू धरला आणि समोरचा क्रोएशियन डावखुरा, तक्त्यात एकोणतीस टक्के असलेला, चषक घेऊन मैदानाला फेरी मारू लागला.

आता येईल ते झेलायला ऑब्रीने मान खाली घातली. त्याला जवळजवळ हलकं वाटत होतं. आता तरी पटेल, त्याच्या मनात आलं.

जेराल्डीनने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाजात राग नव्हता. "ऑब्री, आपल्याकडून काय राहिलं?"

आपल्याकडून, म्हणाली ती. मागे क्लाइव्ह वाकून उभा होता, त्याच्या मागे आणखी सात-आठ जण. सगळे गंभीर, सगळे थांबलेले. या क्लबात त्याच्या उत्तरासाठी इतकी माणसं एका वेळी कधी थांबली नव्हती.

लोर्ना दाराशी उभी होती. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. काहीच राहिलं नाही, कारण त्यात काही नव्हतंच, हे वाक्य ऑब्रीच्या ओठांवर तयार होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग जेराल्डीनकडे.

"उकाडा," तो म्हणाला. "आजचा उकाडा आपण धरलाच नाही."

"उकाडा," क्लाइव्ह पुटपुटला आणि त्याने सावकाश मान हलवली.

"मागच्या पंचवीस वर्षांचं तापमान मिळतं," ऑब्री म्हणाला. आवाज आता स्थिर झाला होता. "अवघड नाही. न्यूयॉर्कच्या आधी करता येईल."

खुर्च्या सरकवत लोक जवळ आले. कुणीतरी कागद दिला. ऑब्रीने पुन्हा वर पाहिलं तेव्हा दार उघडंच होतं आणि बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता.